बंद पडल्याशिवाय प्रेम नाही

एखाद्या रेल्वेमार्गावर लोकांचं प्रेम बसायचं तर एकच अट असते: तो मार्ग आधी बंद पडावा लागतो. चालू आहे तोवर त्याच्या वाट्याला फक्त शिव्या येतात. गाडी वेळेवर येत नाही, आली तर सुटत नाही, सुटली तर पोचत नाही. डब्यात दिवा नाही, नळाला पाणी नाही, बाकांत ढेकूण मात्र भरपूर. मग एके दिवशी शेवटची गाडी निघते. इंजिनाला झेंडूच्या माळा पडतात, ड्रायव्हरच्या हाती नारळ येतो, बँडवाला मोकळा असला तर बँडही वाजतो. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या गाडीचं तिकीट जन्मात न काढलेली माणसंसुद्धा ‘आमची गाडी, आमची गाडी’ करत हळवी होऊ लागतात. मूर्तिजापूर-यवतमाळच्या शकुंतलेचं हेच झालं. मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शी-लातूर या पट्ट्यातल्या बार्शी लाईटचंही हेच झालं, आणि तिथे तर हळवं होण्याचं काम आता पुढच्या पिढीनं अंगावर घेतलं आहे.

तसं पाहिलं तर त्या मार्गावर आजही गाड्या धावतात. पण अडीच फुटी रूळ उखडून तिथे साडेपाच फुटी टाकले गेले, आणि रेल्वेप्रेमी मंडळींच्या लेखी त्याच दिवशी तो मार्ग कैलासवासी झाला. त्यातही डिझेलचं इंजिन म्हणजे त्यांच्या दृष्टीनं सावत्र. अश्रू खरे ढाळायचे ते वाफेच्या इंजिनासाठी.

मी स्वतः या पंथात नाही. पण आमचे मेव्हणे आहेत, त्यामुळे पंथाचा सहवास मला सणासुदीला घडतो. मेव्हणे पुण्यात एका बँकेत होते. आयुष्यभर त्यांनी व्याजाचे दर पाहिले आणि निवृत्त झाल्याबरोबर चाकं मोजायला घेतली. त्यांच्यामुळे मला कळलं की वाफेच्या इंजिनांवर प्रेम करणारी सगळी माणसं एका जातीची नसतात. त्यांच्यात पोटजाती आहेत आणि एकमेकांकडे पाणी पिण्याचीही पंचाईत आहे.

पहिले आकडेवाले. हे इंजिनाला नावानं ओळखत नाहीत, चाकांच्या मांडणीनं ओळखतात. पुढची लहान चाकं किती, मधली ओढणारी किती, मागची किती. ‘‘बार्शीची पहिली पाच इंजिनं झिरो-एट-फोर,’’ असं मेव्हणे एकदा जेवताना म्हणाले, तेव्हा आमच्या आईनं विचारलं, ‘‘कुठल्या गावचा कोड रे हा?’’ दुसरे आवाजवाले. हे लग्नाच्या पंगतीतसुद्धा आग्रह न करता शिट्टी मारून दाखवतात. सपाटीवरची झुकझुक वेगळी, पांगरी सोडून येडशीकडे बालाघाटाचा चढ लागला की वेगळी, आणि चढावर चाकं घसरू लागली की तिसरीच. हे तिन्ही प्रकार त्यांच्या तोंडून ऐकल्यावर वऱ्हाडातली लहान मुलं खूश होतात आणि आचारी धास्तावतो. तिसरे वासवाले. कोळशाचा धूर आणि तापलेलं तेल यांचा मिळून जो वास येतो, त्याची त्यांना ओढ असते. कोळशाच्या इस्त्रीवाल्याच्या गाडीपाशी सभ्य पोशाखातला एखादा गृहस्थ कपडे न घेता उभा दिसला, तर तो यांच्यापैकी समजावा. चौथे वेळापत्रकवाले. यांच्याकडे अमुक सालचं जुनं वेळापत्रक असतं आणि कोणती गाडी कोणत्या स्टेशनात किती वाजून किती मिनिटांनी यायची, हे त्यांना मुखोद्गत असतं. हे ज्ञान फार मोलाचं आहे, कारण खुद्द गाडीला ते कधीच नव्हतं.

या सगळ्या पोटजाती एका बाबतीत मात्र एक होतात. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे नाव निघालं की सगळे जरा सावरून बसतात.

कॅलथ्रॉप हा बार्शी लाईटचा जनक. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत तो लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर होता. १८८७च्या सुमाराला त्याच्या डोक्यात आलं की मुख्य मार्गापासून पंढरपूरकडे एक हलकी, स्वस्त रेल्वे न्यावी. आता, ज्या गावाला पायी जाण्यातच पुण्य आहे असं लाखो लोक मानतात, त्या गावाला रेल्वेनं माणसं नेऊन पैसा मिळवायचा, ही कल्पना सांगितली असती तर आपल्याकडे कुणीही त्याला उन्हातून सावलीत बसवलं असतं. पण मेव्हण्यांचं म्हणणं असं, की साहेबाच्या धंद्याला पाया होता. वारकरी पायी जातो. पायी येत नाही. जाताना विठ्ठल बोलावतो, परतताना पेरणी बोलावते, आणि पेरणी थांबत नाही. तेव्हा पुण्य जातानाचं आणि तिकीट परतीचं, असा हा सरळ व्यवहार.

जीआयपीनं काही त्याला दाद दिली नाही. मग कॅलथ्रॉपनं कंपनी काढली आणि १८९७ साली पहिली गाडी सोडली ती पंढरपूरला नव्हे, तर बार्शी रोड ते बार्शी, २१ मैल. बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी. १९०६ साली गाडी पंढरपूरला पोचली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. एकूण २०२ मैलांना ३० वर्षं लागली. गाडीनं आपला वेग बांधकामापासूनच राखला होता, असं यावर कुणीही म्हणेल. आणि मिरजेला गाडी पोचली त्याच साली कॅलथ्रॉप वारला, हे ऐकून तर म्हणेलच. पुढे १९५४ साली सरकारनं कंपनी ताब्यात घेतली आणि बार्शी लाईट मध्य रेल्वेत गेली. लोकांच्या तोंडात मात्र ती शेवटपर्यंत बार्शी लाईटच राहिली.

तिच्या वेगावरचे विनोद मी लहानपणापासून ऐकतो आहे. पुढच्या डब्यातून उतरावं, बोरं तोडावीत, मागच्या डब्यात चढावं. रुळाकडेनं चालणाऱ्या म्हातारीला ड्रायव्हर म्हणतो, ‘‘आज्जे, बस की,’’ आणि आजी म्हणते, ‘‘नगं रं बाबा, आज जरा घाई हाय.’’ हे विनोद बार्शीकरांना आपले वाटतात. बारामतीचे लोक तेच विनोद दौंड-बारामतीच्या गाडीवर सांगतात आणि यवतमाळचे शकुंतलेवर. जगात जिथे जिथे अडीच फुटी रूळ पडले, तिथे तिथे ती म्हातारी घाईघाईनं चालत जाऊन पोचलेली आहे.

पण विनोदापलीकडे जाऊन ही गाडी सावकाश का जायची, हे विचारलं तर उत्तर ऐकण्यासारखं आहे. कॅलथ्रॉपनं ठरवलं की एका आसावर ५ टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही. इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालाची वाघीण, सगळ्यांना एकच नियम. भार असा सारखा वाटला की रूळ हलके चालतात, रूळ हलके की पूल हलके, पूल हलके की भांडवल कमी. सुरुवातीचा रूळ होता वाराला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलो. आज मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो. एवढ्याशा रुळावर वजनदार गाडी ओढायची म्हणून इंजिनाचं वजन पुष्कळ चाकांवर वाटलं. इंग्लंडात लीड्सच्या किट्सन कंपनीनं ही पहिली पाच इंजिनं बांधली, आठ-आठ ओढत्या चाकांची. जहाजात चढवण्याआधी १८९६ साली लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून कॅलथ्रॉपनं इंजिन-डबे चालवून जाणकारांना दाखवले. जगातल्या रेल्वेच्या जाणकारांनी त्या गाडीची दखल घेतली. बार्शीत लोक बोरं तोडत राहिले.

सांगायचं ते एवढंच, की ही गाडी आळशी नव्हती, काटकसरी होती. ज्या मुलखात मोठी रेल्वे परवडणार नाही म्हणून ती आलीच नसती, तिथे ती आली. बार्शीचा कापूस, लातूरची डाळ, पंढरपूरची माणसं आणि अधूनमधून एखाद्या नवऱ्या मुलीचा पलंग, असं सगळं तिनं शंभर वर्षं वाहिलं. मोठ्या जत्रेत डबे पुरेनात तेव्हा मालाच्या वाघिणींतही वारकरी बसले. वाघिणीत बसून घरी आलो, हे वाक्य या पट्ट्यातला म्हातारा अगदी सहज बोलतो; मुंबईचा नातू त्याचा अर्थ लावत बसतो.

कॅलथ्रॉप स्वतः मात्र एका जागी स्वस्थ बसणारा नव्हता. बार्शीचा अनुभव घेऊन त्यानं थेट इंग्लंडात, स्टॅफर्डशायरच्या डोंगरात, तशीच अडीच फुटी गाडी काढली. लीक अँड मॅनिफोल्ड असं तिचं नाव. १९०४ साली ती सुरू झाली. इंजिनं पुन्हा किट्सनचीच आणि त्यांच्या कपाळावर हिंदुस्थानी पद्धतीचा भला थोरला दिवा. त्या चिमुकल्या दरीत, जिथे मुख्य माल दूध, तिथे एवढा दिवा कुणाला दाखवायचा, असा प्रश्न तिथल्या लोकांना पडला असल्यास नवल नाही. ती गाडी १९३४ साली, म्हणजे ३० वर्षांत बंद पडली. आज त्या मार्गावरून लोक पायी आणि सायकलवरून जातात. बार्शी लाईटच्या बाजूनं लोक पायी आणि सायकलवरून जात, ते गाडी चालू असतानाच. एवढाच काय तो फरक.

त्याला घोड्यांचंही वेड होतं. अरबी घोडे पाळायचा आणि घोडा हा सोबती कसा, यावर त्यानं पुस्तक लिहिलं. आणि याहून कहर म्हणजे उतारवयात तो पॅराशूटकडे वळला. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, १९१० साली विमान कोसळून गेला. त्यानंतर वैमानिकाला जिवंत खाली आणण्याचं साधन बनवायचं, या ध्यासानं त्याला झपाटलं आणि त्यानं ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूट तयार केलं. हे ऐकल्यावर आमचे एक बार्शीचे पाहुणे शांतपणे म्हणाले, ‘‘बरोबर आहे. चालत्या गाडीतून उतरायची सोय त्यानं आम्हाला आधीच करून दिली होती. विमानाचीच राहिली होती.’’

असो. इतका सगळा इतिहास मेव्हण्यांच्या जिभेवर असल्यावर त्यांना कुर्डुवाडीला जाऊन प्रत्यक्ष इंजिनावर काम केलेल्या माणसाला भेटायचं होतं. मी सोबतीला गेलो. एका निवृत्त रेल्वेवाल्यांचा पत्ता मिळाला. सुरुवातीची बरीच वर्षं ते वाफेच्या इंजिनावर फायरमन होते, पुढे ड्रायव्हर झाले. वय ऐंशीच्या पुढे, कान थोडे जड, आवाज मात्र इंजिनावर बोलणाऱ्याचा. त्या आवाजात ते ‘‘चहा टाक’’ म्हणाले, तेव्हा शेजारच्या तीन घरांत चहा टाकला गेला असावा.

मेव्हण्यांनी वही उघडली. ‘‘मामा, तुम्ही ज्या इंजिनावर होता ते कुठल्या क्लासचं?’’

‘‘क्लास?’’ मामा म्हणाले. ‘‘थर्ड.’’

‘‘तसं नाही हो. इंजिनाचा क्लास. एफ होता की जी?’’

‘‘त्ये सायबाला ठावं. आमच्यात दोनच क्लास. वाफ धरणारं आन् वाफ न धरणारं.’’

मेव्हण्यांनी वहीत काय लिहिलं ते मी वाकून पाहिलं. त्यांनी ‘एफ?’ असं लिहिलं होतं.

मग त्यांनी आपला ठेवा बाहेर काढला. मोठ्या आकारातला एक फोटो. बाभळींच्या रांगेतून गाडी येते आहे आणि इंजिनाच्या धुराड्यातून काळ्याकुट्ट धुराचा लोट अर्ध्या आभाळभर गेला आहे. रेल्वेप्रेमी जगात अशा फोटोला फार मान. सत्तरच्या दशकात वाफेची इंजिनं बघायला परदेशातून जे लोक गळ्यात कॅमेरे घालून येत, ते असल्या एका फोटोसाठी दिवसभर शेताच्या बांधावर बसून राहत. कुणी स्टेशनात कॅमेरा काढलाच तर परवानगीचा कागद दाखवावा लागे, आणि कागद दाखवल्यावरही हा माणूस एवढ्या लांबून आमची ही गाडी बघायला आला आहे, यावर मास्तरचा विश्वास बसत नसे. हेर परवडला, पण हे काय, असं त्याच्या तोंडावर दिसे.

मामांनी चष्मा लावून फोटो उलटसुलट पाहिला. ‘‘ह्या दिवशी ड्युटी कुणाची हुती?’’

‘‘ते माहीत नाही. पण धूर बघा ना कसा आलाय!’’

‘‘तेच म्हंतो मी. कुणाची हुती? लाज घालवली की त्यानं शेडची.’’

मेव्हण्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मामांनी मग समजावून सांगितलं. काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. म्हणजे पैसा धुराड्यातून वर चाललाय. फायरमननं एकदम फावडी कोंबली किंवा आगीला हवा पुरेना झाली की असा धूर येतो. चांगल्या फायरमनचा धूर दिसायलाच नको. दिसला तर पातळ, करडा. एकदा एक गोरा पाहुणा कॅमेरा घेऊन इंजिनापाशी आला आणि खुणेनं म्हणाला, धूर कर. मामा म्हणाले, ‘‘मी त्याला म्हणलं, कोळसा तुज्या बापाचा हाय का? त्याला कळलं न्हाई. त्यो थँक्यू म्हणला.’’

मग त्यांनी आग कशी घालायची ते दाखवलं. ओसरीवरच्या सहा शहाबादी फरश्या म्हणजे भट्टी, हातातली काठी म्हणजे फावडं. खुर्चीतून उठले, पाय अंतरावर रोवले, कमरेतून वळले. ‘‘मागच्या दोन कोपऱ्यात भरून घालायचं. दोन्ही कडंला त्याच्याहून कमी. मधी पातळ. पुढं इंजिन आपलं आपण वढून घेतंय. येका टायमाला लई न्हाई. चार फावडी, दार बंद. धूर बगायचा. पुन्ना चार फावडी, दार बंद. दार उघडं ऱ्हायलं की गार हवा आत, आन् बायलर कुरकुरतो.’’ प्रत्येक वाक्याला काठी बरोबर त्या त्या फरशीवर पडत होती. वय ऐंशीच्या पुढे, पण कुठल्याच फरशीवर एकदाही जास्तीचं फावडं पडलं नाही. चहा घेऊन आलेली नात भट्टीतून चालत गेली, तेव्हा मामा दचकले.

‘‘आन् डोळा काचंवर,’’ ते बसता बसता म्हणाले. काच म्हणजे बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काचेची नळी. ‘‘पाणी दिसलं पायजे. वाफ कमी पडली तर गाडी उशिरा जाईल, इतकंच. पाणी कमी पडलं तर माणूस वर जातो. मे म्हैन्यात भाईर बेचाळीस, आत भट्टी, आन् नजर त्या काचंवर. तुमी म्हंता तसली झुकझुक काय ऐकू येत न्हवती बगा.’’

एवढा वेळ आतून ऐकत असलेल्या मामी पदर सावरत बाहेर आल्या. ‘‘ह्यांचं काय सांगताय कवतिक! ड्युटीवरनं आले की साबणाची वडी दोन दिस पुरायची न्हाई. आंगुळ करून झोपायचे, तरी सकाळी उशीवर ह्यांचं तोंड छापल्यालं. अभ्रा धू-धू धुवावा, तोंड काय जात नव्हतं.’’

मामांनी मिशीतल्या मिशीत हसून चहा बशीत ओतला. वाफेच्या इंजिनाचा त्या घरातला सगळ्यात विश्वासार्ह फोटो उशीच्या अभ्र्यावर निघत होता आणि मामींनी तो रोज धुऊन टाकला होता.

परतताना गाडीत मेव्हणे बराच वेळ गप्प होते. मला मात्र एक गोष्ट लख्ख दिसू लागली होती. रेल्वेप्रेमी ज्या ज्या गोष्टींवर जीव टाकतात, त्या सगळ्या इंजिनाच्या खोडी आहेत. काळा धूर ही खोड. घसरणारी चाकं ही खोड. ती घसरू नयेत म्हणून रुळावर वाळू सोडण्याची सोय इंजिनातच असते. सांध्यासांध्यातून सुटणारी पांढरी वाफ तर उघड गळती, जिच्यापायी फिटरला बोलणी बसायची. आणि कॅलथ्रॉपला, मामांना, फिटरला ज्याचा अभिमान होता, म्हणजे थोडक्यात, कमी कोळशात, बिनबोभाट गाडी पोचवणं, त्याचा फोटो निघत नाही.

गाडीत बसणाऱ्यांच्या आठवणी आणखी निराळ्या. त्यात इंजिनाच्या क्लासला स्थान नाही; डोळ्यात गेलेल्या कोळशाच्या कणाला आहे. खिडकीत बसायचा हट्ट करायचा, ती मिळवायची, आणि पुढच्या स्टेशनापर्यंत आईच्या पदराच्या टोकानं डोळा साफ करून घ्यायचा, हा त्या मुलखातल्या तमाम बालपणाचा अनुभव. ठिणगी उडून नव्या पातळाला पडलेलं भोक ज्या बाईनं रफू करून वापरलं, तिला ते पातळ, ते स्टेशन आणि त्या दिवशी कुणाच्या लग्नाला निघालो होतो, हे आजही सांगता येतं. एखाद्या स्टेशनात गाडी रेंगाळली की चहापुरतं गरम पाणी इंजिनातून मागून घेणारे बिलंदर असत. लोको शेडच्या राखेतून अर्धवट जळालेला कोळसा वेचून आणून त्यावर स्वयंपाक करणारी घरं होती. त्यांच्या लेखी बार्शी लाईट म्हणजे इंधन. यातल्या कुणीही कधी चाकं मोजली नाहीत.

आणि हीच माणसं रुंद रूळ मिळावेत म्हणून निवेदनं देत होती, मोर्चे काढत होती. त्यांचं काय चुकलं? आजारी माणसाला घेऊन सोलापूर-मुंबईकडे निघालेल्याला कुर्डुवाडीत उतरून, पोतं-पिशव्या डोक्यावर घेऊन, दुसरी गाडी पकडावी लागत असेल, तर त्याच्यासमोर झुकझुक आणि निसर्ग यांचं नाव काढण्याची माझी तरी छाती नाही. विसाव्या शतकाला निरोप देता देता अडीच फुटी रूळ तुकड्यातुकड्यानं निघू लागले आणि २०१०च्या आसपास मिरज ते लातूर सगळीकडे मोठी गाडी झाली. आता लातूरचा माणूस रात्री बसतो आणि सकाळी मुंबईत उतरतो.

त्या मोठ्या रुळांनी आपली किंमत एकदा फार ठसठशीत दाखवून दिली. एप्रिल २०१६मध्ये लातूरचे नळ कोरडे पडले, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. जलदूत नाव दिलं होतं तिला. पहिल्या खेपेला १० टाक्या, ५ लाख लिटर पाणी. ती आली मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर याच वाटेनं. एके काळी याच वाटेवर दुष्काळात इंजिनाला पाणी कुठून पाजायचं, या चिंतेत स्टेशनमास्तर विहिरीत वाकून बघायचे; त्याच वाटेनं गाडीच पाणी घेऊन आली. त्यातल्या एका टाकीतलं ५० हजार लिटर पाणी न्यायला बार्शी लाईटच्या हिशोबानं चार वाघिणी लागल्या असत्या. हे मी मेव्हण्यांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘चार लागल्या असत्या, पण ओढलं असतं तिनं.’’ प्रेम म्हणतात ते हेच.

या पंथाची मी इतकी थट्टा केली, तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. मेव्हण्यांसारखी माणसं नसती, तर न्यूलेचा रूळ, ५ टनांचा नियम आणि घोड्यांवर पुस्तक लिहिणारा तो इंजिनियर आपल्या कानावर आला नसता. आकडे त्यांनी जपून ठेवले आहेत आणि चोख ठेवले आहेत. राहिलं आहे ते दुसरं काम, आणि त्याला वेळ थोडा आहे, कारण वाफेच्या इंजिनावर फावडं धरलेली माणसं आता उतारवयात आहेत.

तेव्हा कुर्डुवाडी, मिरज, लातूर, मूर्तिजापूर, पाचोरा, कुठेही तुमच्या ओळखीत रेल्वेतून निवृत्त झालेले कुणी काका-मामा असतील, तर येत्या रविवारी वही घेऊन त्यांच्याकडे जा. कोणत्या स्टेशनाचं पाणी बॉयलरला चालायचं नाही, चढावर गाडी अडली की काय करायचे, जेवणाचा डबा कधी उघडायला मिळायचा, ते विचारा. घरातल्या काकू-मामींनाही बाहेर बोलवा. इंजिनाचा क्लास मात्र विचारू नका. तो लिहून ठेवलेला आहे. उशीचा अभ्रा कोण धूत होतं ते विचारा. ते अजून कुणीच लिहून ठेवलेलं नाही.